‘ताई, पंतप्रधानांना लिहू का?’

दहावीची परीक्षा संपते तशी नागरिकशास्त्राशी असलेली आपली ओळखही संपते. मग अठराव्या वर्षी थेट हातात मतदार ओळखपत्र येतं. मधली गॅप भरून काढायची असेल, तर लहान मुलांसाठी लिहिलेली देशाविषयीची पुस्तकं पुन्हा उघडायला काय हरकत आहे?

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा मावसभाऊ तेव्हा सहावीत होता. त्याच्या बिल्डिंगसमोर कचऱ्याचा ढीग साचला होता आणि घंटागाडी चार-चार दिवस फिरकत नव्हती. नेमका शाळेत ‘परिसरातील समस्येविषयी पत्र लिहा’ असा उपक्रम दिला होता. साहेब वही घेऊन माझ्याकडे आले. ‘‘ताई, पंतप्रधानांना लिहू का?’’

मी हसले. म्हटलं, ‘‘अरे, कचऱ्यासाठी पंतप्रधान कशाला? आमदारांना लिही.’’

त्याने दप्तरातून इतिहास व नागरिकशास्त्राचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि म्हणाला, ‘‘पण कचरा तर महापालिकेचं काम आहे ना? आमदार विधानसभेत असतात.’’

मास कम्युनिकेशनची डिग्री करणारी, राजकीय वार्तांकनाचा पेपर नुकताच देऊन आलेली मी गप्प बसले. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. ‘‘मग आपले नगरसेवक कोण?’’

तेव्हा नगरसेवक कोणीच नव्हतं! ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात होते. निवडणुका लांबल्या होत्या. मुंबई, पुण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. आमची महापालिकाही त्यातलीच. पुस्तकात मात्र दर पाच वर्षांनी निवडणूक. ‘‘मग पुस्तक चुकीचं आहे का?’’ त्याने विचारलं.

पुस्तक चुकीचं नव्हतं. संविधानाचं कलम २४३-यू तेच सांगतं, की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. पण जे व्हायला हवं ते होत नसेल तर काय, हे पुस्तकात नव्हतं. आणि ते समजावून सांगण्याइतकं मलाही माहीत नव्हतं.

आधी स्वतःची टेस्ट घ्या

आता तुम्ही सांगा. नळाला पाणी नाही, तर जबाबदार कोण? वस्तीतला पोलीस ठाण्याचा कारभार महापालिकेकडे की राज्याकडे? राज्यसभेसाठी आपण मत का देत नाही? हे प्रश्न मी कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून पाहिले. अर्ध्या जणांनी मोबाइल काढला, उरलेल्यांनी विषय बदलला. मीही त्यांच्यापेक्षा फार वेगळी नव्हते.

यात आपली सगळीच चूक नाही. सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधान, आठवीत संसद, न्यायालयं आणि राज्य शासन असा आपल्याकडचा क्रम आहे. क्रम चांगला आहे. पण आपण हे सगळं बारा-तेराव्या वर्षी शिकतो, मार्कांपुरतं. इतिहासाच्या मागे जोडलेला छोटा भाग, ‘शेवटी वाचू’ म्हणून ठेवलेला. लोकसभेसाठी वय २५, राज्यसभेसाठी ३०, राष्ट्रपतींसाठी ३५, एवढं पाठ केलं की झालं. दहावीनंतर सायन्स किंवा कॉमर्स घेतलं की तेही सुटतं. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षाला ‘लोकशाही, निवडणूक आणि सुशासन’ असा विषय असतो खरा, पण त्याचं सबमिशन कोणी कोणाचं बघून लिहिलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत!

१९८९ पर्यंत मतदानाचं वय २१ होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणलं, कारण तरुणांवर विश्वास टाकला गेला. त्या विश्वासाला आपण पुरे पडतो का, हा प्रश्न मला त्या दिवशी सहावीतल्या मुलासमोर पडला. म्हणून मी चक्क मुलांची पुस्तकं वाचायला घेतली.

हिरो खूप, कारभार कमी

कोणत्याही पुस्तक प्रदर्शनात मुलांच्या रॅकसमोर उभे राहा. शिवाजी महाराज, टिळक, सावित्रीबाई, भगतसिंग यांची चरित्रं भरपूर दिसतात. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्रकथा’ सुरू केली आणि कितीतरी मुलांनी इतिहासातली माणसं पहिल्यांदा त्या चित्रांमधूनच पाहिली. ही पुस्तकं हवीतच. आपण वाचायला लागलो ते त्यांच्यामुळे.

पण फक्त हीच वाचली तर मुलाला वाटतं, देश मोठी माणसं घडवतात, आपण टाळ्या वाजवायच्या. कायदा कसा होतो, पैसे कुठून येतात, तक्रार कुठे करायची, हे सांगणारं पुस्तक त्याच रॅकवर शोधा. बराच वेळ लागेल.

तरी चांगली पुस्तकं आहेत. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि जवाहरलाल नेहरू अलाहाबादला. तिला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १९२९ मध्ये आलं. पुढे प्रेमचंदांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. गंमत म्हणजे ही पत्रं राजे-महाराजांपासून सुरू होत नाहीत. पृथ्वी कशी तयार झाली, माणूस एकत्र कसा राहू लागला, मग कोणी राजा कसा झाला, असं ती सांगत जातात. राजा आधीपासून नव्हता, तो नंतर आला, एवढं कळलं तरी मूल सत्तेकडे वेगळ्या नजरेने बघतं.

लीला सेठ यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९१ मध्ये त्या हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. देशातल्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. ऐंशीच्या घरात असताना, २०१० मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘वुई, द चिल्ड्रन ऑफ इंडिया’ हे पुस्तक आणलं. बिंदिया थापर यांची रंगीत चित्रं आणि विषय एकच, संविधानाची उद्देशिका. आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच ती छापलेली असायची, आठवतं? ते पान आपण उलटून पुढे जायचो. या पुस्तकात तिच्यातला एकेक शब्द सोपा करून सांगितलाय. आयुष्यभर निकाल लिहिणाऱ्या बाईंना ‘न्याय’ हा शब्द लहान मुलाला समजावणं महत्त्वाचं वाटलं, हे मला फार आवडलं.

मसूर स्टेशनवरची मुलं

मला सगळ्यात जास्त हलवलं ते ‘भीमायन’ने. २०११ मध्ये ‘नवयान’ने काढलेलं हे चित्रमय चरित्र. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. नेहमीच्या कॉमिक्ससारखे चौकोन त्यात नाहीत, चित्रं पानभर पसरतात.

त्यात एक प्रसंग आहे, बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला. १९०१ मध्ये छोटा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाले. हे गोरेगाव मुंबईतलं नाही, सातारा जिल्ह्यातलं. नवे कपडे घालून पोरं मसूर स्टेशनवर उतरली. ती महार आहेत हे कळल्यावर स्टेशन मास्तरांचं वागणं बदललं. कोणी गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. पोरांनी बैलगाडी स्वतः हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं. रात्री जवळ जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही.

कलम १७ मी परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिलं होतं. अस्पृश्यता नष्ट, पूर्णविराम. हा प्रसंग वाचल्यावर ते कलम कोणत्या तहानेतून आलं, हे कळलं. शाळेतच कोणी ही दोन्ही पानं शेजारी ठेवली असती तर?

मुलांना किती सांगायचं?

हा प्रश्न सोपा नाही, आणि त्याची किंमत आपल्या पुण्यात मोजली गेली आहे. कार्टूनिस्ट शंकर यांनी १९५७ मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी ‘चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट’ स्थापन केला. त्यांचंच १९४९ मधलं एक व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होतं. संविधानाचं काम गोगलगायीच्या वेगाने चाललंय, असं ते चित्र. गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले पंडित नेहरू. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. हा बाबासाहेबांचा अपमान आहे, असं अनेकांना मनापासून वाटलं. संविधान बनायला जवळपास तीन वर्षं का लागली, हे पुस्तकात समजावून सांगितलंय, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं. सरकारने व्यंगचित्र मागे घ्यायचं ठरवलं. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामा दिला. पळशीकर सरांच्या पुणे विद्यापीठातल्या ऑफिसची तोडफोडही झाली.

तोडफोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पण मसूरचा प्रसंग वाचल्यावर त्या चित्रातला चाबूक कोणाला का टोचला, हेही मला समजतं. वर्गात या दोन्ही बाजू मांडून चर्चा झाली असती, तर तो नागरिकशास्त्राचा सगळ्यात चांगला तास झाला असता.

पुस्तक निवडताना

घरात भाचा-भाची, चुलत-मावस भावंडं असतील आणि वाढदिवसाला पुस्तक द्यायचं असेल, तर दुकानातच तीन गोष्टी तपासा. एक, त्यात फक्त नेते आहेत की साधी माणसंही आहेत? दोन, काही बिघडलं तर कोणाकडे जायचं, हे कळतं का? तीन, देशाच्या चुका आणि वाद सांगितलेत की सगळं गोड-गोड आहे? तीनपैकी दोनची उत्तरं ‘हो’ असतील तर घ्या. आणि देण्याआधी स्वतः वाचा! पैसे नसतील तरी अडत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सहावी ते आठवीचं नागरिकशास्त्र एका रविवारी वाचून होतं, मी केलंय.

त्या पत्राचं काय झालं? ‘प्रति, मा. आयुक्त तथा प्रशासक’ असं लिहून आम्ही ते क्षेत्रीय कार्यालयात दिलं. आवक शिक्का मारलेली पोच त्याने वहीत चिकटवली. घंटागाडी आठवडाभर नियमित आली, मग पुन्हा तेच. त्याने दुसरं पत्र लिहिलं.

गेल्या जानेवारीत अखेर महापालिकेसाठी मतदान झालं. प्रचाराला एक उमेदवार दारात आले, हात जोडून माझ्याकडे मत मागू लागले. माझ्या मागून आवाज आला, ‘‘काका, घंटागाडी रोज येणार का?’’ त्याला मत द्यायला अजून पाच वर्षं आहेत. काका थांबले, त्याच्याकडे वळले आणि उत्तर देऊ लागले. तो आता सातवीत आहे, संविधानाच्या पुस्तकापर्यंत पोहोचलाय. या वेळी मी त्याच्या आधी वाचून ठेवलंय.