आधी कान, मग जीभ

मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषी नगरात, जिथे मूल घरी गुजराती वा मारवाडी, जिन्यात मराठी आणि शाळेत इंग्रजी ऐकते, तिथे अनेक भाषांमुळे वाचादोष जडतो हा समज निराधार असून, मुलाच्या वाणीची परीक्षा घरच्या भाषेतच व्हावी. प्रथम श्रवणचाचणी, नंतर जीभ-टाळूची तपासणी, आणि मगच उच्चारांची नोंद. ३ वर्षांचे बालक ‘रस्ता’स ‘लस्ता’ म्हणते तो बहुधा वयाचाच धर्म. परंतु ७ वर्षांनंतरही तेच राहिल्यास आजीच्या वेखंडावर भिस्त ठेवून काळ दवडणे इष्ट नव्हे. अशा तपासणीसाठी, १९८३ साली वांद्रे रेक्लमेशन येथे स्थापन झालेली, वाचा व श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मीरा-भाईंदरच्याच पश्चिम रेल्वे मार्गावर आहे. उपचारात आरशासमोर जिभेचे टोक दंतमुळामागे नेऊन आधी सुटा वर्ण, मग शब्द, मग वाक्य घोटवितात.