आजोबांचे काडतुसे भरण्याचे यंत्र

खंडेनवमीच्या दिवशी पाटावर काय मांडावे याची प्रत्येक घराची एक ठरलेली रीत असते. ज्यांच्या घरी तलवार किंवा कट्यार असेल ते ती मांडतात. आमच्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्यांच्या घरी विळी, अडकित्ता, कात्री, शिवणाचे यंत्र आणि अलीकडे मुलांचा संगणक एवढ्यावरच भागते. परंतु आमच्या नांदेडच्या घरी काही वर्षे या पाटावर आणखी एक वस्तू विराजमान होत असे. वीतभर उंचीची, पितळ व पोलाद यांची, एका बाजूस फिरविण्याचा दांडा व दुसऱ्या बाजूस मेजाच्या कडेला आवळून बसविण्याचा स्क्रू असलेली. आल्यागेल्या बायका तिच्याकडे पाहून म्हणत, "शेवयांचे यंत्र का हो हे? आताशा असे मिळत नाही!" आमच्या सूनबाई हसून मान हलवीत, कारण शेवयांचे म्हणावे तर ते नव्हते, आणि जे होते ते हळदीकुंकवाच्या बैठकीत सांगण्याजोगे नव्हते. ते बंदुकीची रिकामी काडतुसे पुन्हा भरण्याचे यंत्र होते.

ते आमच्या घरी कसे आले, हे प्रथम सांगितले पाहिजे. माझे आजोबा निजामच्या राज्यात औशास वकिली करीत. थोडी शेती होती, आणि ज्वारी हुरड्यास आली की रानडुकरांचे कळप रात्रीतून अर्धे शेत आडवे करीत. त्यासाठी त्यांनी सरकारचा परवाना काढून एक बारा बोअरची दुनळी घेतली होती. (बारा बोअर म्हणजे काय, हे पुष्कळांस ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातील एकीचा जो व्यास तीच त्या नळीची रुंदी. म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर.) बंदूक एकदा आली की झाले, असे मात्र नाही, काडतुसे संपतात. ती मुंबईहून यावयाची, कुर्डुवाडीस बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या डब्यात चढावयाची, लातूरला उतरावयाची आणि तेथून बैलगाडीने औशास पोचावयाची. येईपर्यंत पावसाळा लागला तर कागदी काडतुसे दमट हवेने फुगत व नळीत शिरेनाशी होत. म्हणून त्या काळच्या बहुतेक बंदूकवाल्यांप्रमाणे आजोबाही उडविलेली रिकामी काडतुसे टाकून न देता घरीच पुन्हा भरीत. हा त्या काळी छंद नव्हता, काटकसर होती.

यंत्राची रचना मोठी सुबक. काडतुसाच्या बुडाशी टोपी असते. घोड्याचा घाव तिच्यावर बसतो. वापरलेली टोपी काढून नवी बसविण्याचे एक छोटे हत्यार वेगळे असे. मग आत दारू, तिच्यावर नमद्याची चकती, तिच्यावर छर्रे आणि शेवटी पुठ्ठ्याची टिकली. येथपर्यंतचे काम लाकडी दट्ट्याने व मापाच्या पेल्याने होई. परंतु तोंड मिटल्यावाचून हे सर्व बाहेर सांडणार. त्यासाठी ते मुख्य यंत्र. काडतूस त्याच्या खोबणीत ठेवावयाचे, एका हाताने तरफ दाबून ते पुढे रेटावयाचे व दुसऱ्या हाताने दांडा फिरवावयाचा. की आतील फिरते डोके कागदाची कड सर्व बाजूंनी सारखी आत वळवून देते. करंजीची कड मुडपण्यात जे कौशल्य आहे तेच येथे पोलादास शिकविले आहे. बर्मिंगहॅम व शेफील्ड येथील कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी यंत्रे काढली, आणि साहेबांच्या सामानाबरोबर ती हिंदुस्थानभर पसरली.

आमच्या आजीस हा सारा प्रकार मनापासून अमान्य होता. आजोबांनी जन्मात कधी मांस तोंडात घातले नाही. मारलेले डुक्कर ते गावातील खाणाऱ्यांस देऊन टाकीत. तरी पण बंदुकीचे सामान सोवळ्याच्या घरात नको, हा तिचा हुकूम. माजघरात नाही, ओसरीवरही नाही. तेव्हा ती पेटी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत गेली आणि तेथेच राहिली. या एका गोष्टीचे परिणाम पुढे मला कसे दिसले ते सांगतोच.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामचे राज्य गेले. त्या धामधुमीत आजोबांनी बंदूक सरकारात जमा केली व पुन्हा मागितली नाही. पेटी कोणाच्या ध्यानातच राहिली नाही. ती ध्यानात आली ३० सप्टेंबर १९९३ नंतर. त्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औशाच्या आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती फुटल्या. जीव वाचले, हे देवाचे देणे. वाडा रिकामा करताना जे निघाले ते वाटून घेतले; आणि दुसऱ्या कोणास नको होती म्हणून ही पेटी माझ्या वाट्यास येऊन नांदेडला माळ्यावर चढली. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. निवृत्त झाल्यावर हातास काम हवे म्हणून ती खाली काढली.

आत सर्व काही होते, पण हलत काहीच नव्हते. यंत्राचा दांडा जणू झाळून टाकल्याप्रमाणे घट्ट. गंज होताच, परंतु खरा अपराधी गंज नव्हता. सांध्यांत पिवळसर, काचेसारखा, नखानेही न निघणारा थर बसला होता. पुष्कळ दिवस विचार केल्यावर उलगडा झाला. लातूर, औसा, उस्मानाबाद हा सारा करडईचा मुलूख. घरात तेल म्हणजे करडईचे. वंगणालाही तेच वापरलेले! आता करडईचे तेल जवसाच्या तेलासारखे हवेत सुकते, त्याचा पातळ पापुद्रा बनतो; म्हणून तर ते रंगारोगणातही घालतात. आजोबांनी प्रेमाने दिलेले प्रत्येक वंगण पुढे सरस होऊन बसले होते. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुने घड्याळ, शिवणाचे यंत्र, ग्रामोफोन असे काही अडून बसले असेल, तर त्यांनी गंजाच्या आधी या गोष्टीची शंका घ्यावी. मी भाग सुटे करून आठ दिवस रॉकेलात बुडवून ठेवले, मऊ झालेला थर लाकडी काडीने खरवडला, आणि मग शिवणयंत्राचे खनिज तेल दोन थेंब दिले. दोन थेंब म्हणजे दोनच. जास्त दिलेले तेल धूळ गोळा करते. मुठीचे पिवळे घट्ट लाकूड तडकले होते. त्यास मात्र जवसाचे तेल फडक्याने चोळले, कारण तेथे सुकणारे तेलच हवे असते. नवव्या दिवशी दांडा फिरला. त्या वेळी झालेला आनंद सांगण्यासारखा नाही. आमच्या मंडळींनी तर मला नातू झाल्याच्या दिवशीही इतके हसताना पाहिले नव्हते, असे त्या म्हणाल्या.

पेटीत पितळी काडतुसांचे काही रिकामे नळकांडेही होते. पावसाळ्यात कागदी फुगतात म्हणून आजोबांनी पितळी आणविलेले असावेत. त्यांतील बहुतेकांना तोंडापासून खाली उभ्या, केसासारख्या बारीक चिरा गेल्या होत्या. गंज नाही, ठोका नाही, तरी चीर! येथे मला माझ्याच विषयातील एक जुनी गोष्ट आठवली. इंग्रजांच्या हिंदी लष्करात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठविलेली पितळी काडतुसे अशीच आपोआप फुटत. हवामानाशी याचा संबंध दिसल्यामुळे त्यास 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिनसेल व मॅलिन्सन या तिघांनी त्याचे कारण दाखवून दिले: पितळ ओढून नळकांडे करताना त्यात ताण शिल्लक राहतो, आणि घोड्यांच्या मुतारीतून निघणारा अमोनिया त्या ताणलेल्या पितळेस पोखरतो. दमट हवा त्यास साहाय्य करते. आमच्याकडे घोडे नव्हते, चार गाई व दोन म्हशी होत्या. आजीचे सोवळे आणि गोठ्याची खोली! तिला जे तोंडाने साधले नाही ते तिने अमोनियाकडून करवून घेतले, असे मी मनाशी म्हटले. (घरोघरच्या पितळेस चिंचेने घासण्याची रीत आहे, रोजच्या भांड्यांस ती ठीक, पण जुन्या नाजूक वस्तूस आंबट लावू नये.)

आता अमेरिकेची हकीकत. माझा एक पुतण्या तिकडे असतो. त्यास मी यंत्राचे छायाचित्र पाठविले, तर त्याच दिवशी त्याचा फोन. "काका, हे तुम्ही चालू केलेत? इथे लोक अशा यंत्रांसाठी वेडे होतात!" त्याने मग पुष्कळ सांगितले. तिकडे काडतुसे घरी भरणे हा लाखो लोकांचा उघड छंद आहे. विक्री न करता स्वतःपुरती भरली तर संघराज्याचा परवानाही लागत नाही. १८८४ साली जॉन बार्लो याने न्यू हेवन येथे 'आयडियल' नावाचा कारखाना काढून सांडशीसारखे एक सुटसुटीत हत्यार विकावयास आरंभ केला. पुढे १९२५ मध्ये तो धंदा लायमन कंपनीकडे गेला. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन याने 'आरसीबीएस' काढली. ती जुनी यंत्रे मिळवावी, गंज काढावा, झिजलेला भाग लेथवर करून घ्यावा, आणि मग त्यांवरच आपली काडतुसे भरून नेमबाजीस जावे, असा हा छंद. पुतण्याचेही तळघरात एक जुने यंत्र आहे. तो म्हणाला, "नुसते पुजून काय करता? यंत्र चालवले तरच टिकते."

हे वाक्य माझ्या मनात रुतले. कारण ते खरे आहे. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांस हेच सांगत आलो. मी दारू आणणार नव्हतो, टोपी आणणार नव्हतो. ते मला सुचलेही नाही. पण कोऱ्या जाड कागदाचे नळकांडे करून, त्यात चुरमुरे भरून, त्याचे तोंड मी या यंत्रावर वळवून पाहिले. सुरेख वळले. नातवंडांनी आग्रह करकरून तशी डझनभर करविली.

माझा एक जुना विद्यार्थी नांदेडास वकिली करतो. खंडेनवमीस तो सोने द्यावयास एक दिवस आधीच आला आणि पाटाकडे पाहून थबकला. "सर, हे काय आहे ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुम्हाला कायदा ठाऊक आहे का?" मला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने १९५९ चा शस्त्र अधिनियम आणून दाखविला. 'दारूगोळा' या शब्दाची तेथे जी व्याख्या आहे, तीत दारूगोळ्याचे भाग येतातच. पण दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे ज्यात कणभर दारू नाही, ते माझे पाटावरचे यंत्र कायद्याच्या भाषेत स्वतःच दारूगोळा होऊ शकते. आणि परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

मी म्हटले, "अरे, शंभर वर्षांची वस्तू! पुराणवस्तूस सवलत असेल की नाही?" तो म्हणाला, "आहे, पण शब्द पाहा." पंचेचाळिसाव्या कलमात जुनाट किंवा मोडक्या शस्त्रास सूट आहे खरी; परंतु ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकणार नाही असे असले पाहिजे, आणि तेथे शब्द आहे 'शस्त्र'. यंत्र नव्हे. किरकोळ सुट्या भागांसही एक सूट आहे. ती येथे लागू पडेल असे कोणी म्हणेल, कोणी नाही म्हणेल. "सर, माळ्यावर अडून पडले होते तोवर तुमची बाजू पुष्कळ बळकट होती. तुम्ही ते चालू केलेत."

मला हसावे की रडावे हे कळेना. करडईच्या तेलाने जे निर्दोष ठेवले होते ते मी रॉकेलाने सदोष केले! दोन दिवस मी चिडलो होतो. येथून हाकेच्या अंतरावर सचखंड गुरुद्वारा आहे. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाच्या दिवशी गोदावरीच्या पाण्याने तेथील पवित्र शस्त्रे धुऊन स्वच्छ केली जातात, आणि हजारो लोक भक्तीने तो सोहळा पाहतात. जुन्या शस्त्राची निगा राखणे हे या गावाच्या रक्तातच आहे, मग माझ्याच यंत्राने काय पाप केले, असे मनात येई. पण शांतपणे विचार केला तेव्हा कायदा अगदीच वेडा वाटेना. तलवार तलवारच राहते. बंदूक एकटी, काडतुसावाचून, लोखंडाची नळी आहे. काडतूस जेथे बनते ते ठिकाण कोणाच्या तरी नजरेत असावे, असे सरकारास वाटले तर त्यात नवल ते काय? ज्या घरांनी १९४८ चा उन्हाळा पाहिला आहे त्यांना तरी हे समजावून सांगण्याचे कारण नाही. शिवाय ज्या कामासाठी ते होते ते कामही आता राहिले नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा तो जुना मोकळा रिवाज संपला.

पुतण्यास फोनवर हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "मग मोडून टाका, काका. दांडा कापला की झाले." सूनबाईंचेही तेच मत पडले. माझे मन घेईना. नऊ दिवस खपून जे फिरते केले त्याचा दांडा माझ्या हाताने करवतीने कापावयाचा!

शेवटी वकिलाच्या सल्ल्याने एक अर्ज लिहिला. वस्तूंची यादी केली, प्रत्येकीचे छायाचित्र जोडले, आणि पेटी रिक्षात घालून आम्ही दोघे ठाण्यावर गेलो. ठाण्यातील अंमलदार तरुण व सभ्य होते. त्यांनी यंत्र उचलून दांडा फिरवून पाहिला. तो इतका हलका फिरला की मला त्याही स्थितीत अभिमान वाटला. "काका," ते म्हणाले, "शेवया करायचे आहे ना हे?" वकील काही बोलणार तोच मी नाही म्हणून सांगितले, आणि काय आहे ते पहिल्यापासून सांगितले. अर्धा तास गेला. त्यांनी मध्येच चहा मागविला. करडईच्या तेलाची गोष्ट त्यांस विशेष आवडली. त्यांच्या आईचे शिवणयंत्र तसेच अडले आहे म्हणे.

पावती आम्हास मिळाली. तीत लिहिले आहे: जुने पितळी व लोखंडी यंत्र, एक, हाताने फिरविण्याचे, चालू स्थितीत.