अॅटलास आणि अतलस

भूगोलाच्या तासाला तुम्ही अॅटलास उघडता आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशात आपले शेवगाव शोधता. नकाशांच्या पुस्तकाला हे नाव कसे मिळाले?

ग्रीक पुराणकथांत अॅटलास नावाचा एक महाबली आहे. देवांशी झालेल्या युद्धात त्याचा पक्ष हरला. तेव्हा झ्यूस देवाने त्याला आकाश पेलून धरण्याची शिक्षा दिली. पुष्कळ चित्रांत त्याच्या खांद्यावर पृथ्वी दाखवतात. पण कथेत आहे ते आकाशच! पुढे नकाशाकार मर्केटर याने आपल्या नकाशासंग्रहाला 'अॅटलास' नाव दिले. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५९५ साली निघाला. मात्र मर्केटरच्या मनात होता तो त्याच नावाचा, ग्रहताऱ्यांचा जाणकार असा आफ्रिकेतील एक राजा.

आता मानेवर हात ठेवा. डोके पेलणाऱ्या पहिल्या मणक्यालाही अॅटलासच म्हणतात.

आणि उर्दूतले 'अतलस'? ते गुळगुळीत, चमकदार रेशमी कापड. हा शब्द अरबीतून आला. ग्रीक महाबलीशी त्याचे नाते नाही. गंमत अशी, की उर्दूत नकाशांच्या पुस्तकालाही अतलस म्हणतात. अर्थ वाक्यावरूनच ओळखायचा. शेरवानी शिवायला कोणी नकाशे घेऊन जात नाही! मराठीत मात्र कापड ते अतलस आणि नकाशासंग्रह तो अॅटलास.