भुसावळच्या उन्हात कॉन्टेसाचा पिकअप

आपल्याकडची मसल कार म्हटलं की लोक कॉन्टेसाचंच नाव घेतात. लांब बॉनेट, रुंद पाठ, मागच्या चाकांना ताकद. पण हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये ती आणली तेव्हा आत दीड लिटरचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. तिचं नाव झालं ते नंतरच्या इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनामुळे. तेव्हा पिकअप वाढवायला खर्च करण्याआधी आपल्या गाडीत कोणतं इंजिन आहे ते बघा.

‘गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाका.’ मे महिन्यात पारा ४५ गाठतो त्या भुसावळात हा सल्ला पटतोही. पण थर्मोस्टॅट इंजिन तापवत नाही. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास आलं की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो काढला तर जानेवारीच्या सकाळी इंजिन बराच वेळ गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं. तापण्याचं कारण बहुतेकदा रेडिएटरच्या नळ्यांत बसलेला क्षार असतो. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतल्यावर दुसरं काय होणार! रेडिएटर साफ करून घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरा.

एअर फिल्टर काढला की पिकअप वाढतो, हा समज तर इंजिनाच्या मुळावर येतो. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते, बॉनेटखालची त्याहूनही विरळ. फिल्टर काढून इंजिनाला तीच गरम हवा मिळते, वर धूळ. ती सिलिंडर घासते, कॉम्प्रेशन जातं. त्यापेक्षा नवा फिल्टर बसवा आणि बाहेरची हवा आणणारी नळी जागेवर आहे ना ते बघा. सायलेन्सर फोडून वाढतो तो आवाज.

महागडं पेट्रोलही ताकद देत नाही. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोका न पडू देण्याचा गुण. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त, पण लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. नव्या गाड्यांचं इंजेक्शन हे सांभाळून घेतं, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, गाडी अडखळते. प्लगचा रंग बघून जेट थोडा मोठा करावा लागतो. जुने रबरी पाइप मात्र आधी बदला. इथेनॉलने ते कुजतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळतं.

एवढं झालं की कॉम्प्रेशन तपासा, टॅपेट आणि टायमिंग लावून घ्या. आणि हायवेला लागण्याआधी ब्रेक.