घंटेचा लोलक एवढी घाई का करतो?

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला गेलात, की देवळात शिरताना हात आधी कुठे जातो? घंटेकडे! हात पुरत नसेल तर बाबांच्या कडेवर चढून का होईना, पण टण्ण झालंच पाहिजे. पुढच्या वेळी जरा निरखून बघा. घंटा जागची फारशी हलत नाही. आपण हलवतो तो आतला लोलक: वरचं टोक अडकवलेलं, खालचं जाडजूड. तो झुलतो आणि घंटेच्या काठावर आदळतो.

आता सांगा, असा लोलक एका झोक्याला किती वेळ घेईल?

‘‘सोप्पंय! दोऱ्याला दगड बांधला की झाला लंबक. दोरा जितका लांब, तितका झोका सावकाश,’’ कुणीतरी म्हणेल. बरोबर आहे. १ मीटर दोऱ्याला बांधलेला दगड एकदा जाऊन परत यायला साधारण २ सेकंद घेतो. पण तिथे सगळं वजन खाली दगडात असतं. लोलकाचं किंवा खिळ्यावर टांगलेल्या एखाद्या काठीचं वजन वरपासून खालपर्यंत पसरलेलं असतं. खिळ्याजवळच्या कणांना भराभर झुलायचं असतं, लांबच्यांना सावकाश. आणि सगळे एकमेकांना घट्ट चिकटलेले! हात धरून गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या पोरांसारखी गत. सुसाट निघालेला अडतो, रेंगाळणारा ओढला जातो आणि सगळ्यांची मिळून एकच चाल ठरते.

करून बघू या? सुतारकाकांकडून १ मीटर लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची लाकडी पट्टी आणा. (शाळेची मीटरपट्टी नको, ओरडा बसेल!) अगदी टोकाशी भोक पाडून घ्या, पट्टी खिळ्यावर टांगा आणि हलकासा झोका द्या. शेजारी १ मीटर दोऱ्याला दगड टांगा. दोघांचे दहा-दहा झोके मोजा. दगडाला लागतील २० सेकंद आणि पट्टीला साडेसोळाच्या आसपास. पट्टी जिंकली! दगडाला तिच्या बरोबरीने झुलायचं असेल, तर दोरा ६७ सेंटीमीटरपर्यंत आखडावा लागतो.

खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या भोकापासून ६७ सेंटीमीटरवर दुसरं भोक पाडा आणि पट्टी उलटी करून त्यावर टांगा. दहा झोक्यांना पुन्हा तेच साडेसोळा सेकंद! भोक मध्यापासून फक्त ५ सेंटीमीटरवर घेतलंत, तर पट्टी इतकी सुस्तावते की दहा झोक्यांना २६ सेकंद लागतात. आणि बरोबर मध्यावर? तिथे ती झुलतच नाही, फिरवाल तशी थांबते. कारण तिचा गुरुत्वमध्यच खिळ्यावर आलेला असतो.

दोन भोकांची ही जादू हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६७३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात सांगितली. १८१७ साली हेन्री केटरने तिच्या जोरावर दोन बाजूंनी टांगता येणारा लंबक बनवला आणि गुरुत्वाकर्षण अचूक मोजलं. पुढे १८६५ पासून भारताच्या सर्वेक्षण खात्याच्या लोकांनी पितळी लंबक गाड्याघोड्यांवर लादून देशभर नेले. मुंबईच्या कुलाब्यापासून लडाखच्या उंच मोरे पठारापर्यंत ठिकठिकाणी ते झुलवून तिथलं गुरुत्वाकर्षण मोजलं.

झोक्याचा हिशेब चुकला तर काय होतं, हे जर्मनीतल्या कोलोन शहराने अनुभवलं. तिकडच्या चर्चमध्ये लोलकाबरोबर अख्खी घंटाच झुलवतात. १८७०च्या दशकात तिथल्या कॅथेड्रलसाठी सुमारे २७ टनांची प्रचंड घंटा ओतली. माणसांनी जोर लावून ती झुलवली आणि... काहीच नाही! घंटा आणि लोलक एकाच तालात डावीकडे, एकाच तालात उजवीकडे. लोलक काठावर आदळणार कसा? एवढी मोठी घंटा मुकीच राहिली.

आता तुमच्यासाठी कोडं. पट्टी पहिल्या भोकावर टांगा आणि तिच्या अगदी खालच्या टोकाला एक छोटा दगड बांधा. वेळ वाढेल की घटेल? मग तोच दगड वर सरकवून बरोबर ६७ सेंटीमीटरच्या खुणेवर बांधा. आता? आधी वहीत अंदाज लिहा, मग झोके मोजा. दुसरं उत्तर पाहून घड्याळच बिघडलंय असं वाटलं, तर तुम्ही बरोबर मोजलंय!