करकर ऐकू येतीय का?

सकाळी 6.45

गॅसवर दूध चढवलं की हात फोनकडे जातो. रात्रीत व्हॉट्सॲपवर अकरा जणांनी आमच्या कोल्हापुरी चपलांची विचारपूस केलीय. सात जणांनी नुसतं 'किंमत?' लिहिलंय. दोघींना पायाचं माप कसं कळवायचं ते हवंय. एकाला पावसात वापरता येतील का, हे हवंय. अकरावा मेसेज इंदूरच्या एका काकांचा : 'करकर वाजतात का? वडिलांच्या वाजायच्या. ऐकवाल?'

किंमत लिहून पाठवता येते, रंगाचा फोटो पाठवता येतो. करकर कशी पाठवणार? आजचा व्हिडिओ ठरला.

सकाळी 8.15

आमचं दुकान कोल्हापुरात चप्पल लाइनीत आणि कारखाना सुभाषनगरात. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. मी पोचते तेव्हा मामी वेणी घालत बसलेल्या असतात. चामड्याच्या बारीक वाद्या त्यांच्या बोटांतून इतक्या भरभर जातात, की डोळ्यांना कळत नाही. व्हिडिओत हाच भाग मी मुद्दाम संथ करते. मामींना ते आवडत नाही. "एवढी सुस्त दिसतोय व्हय मी?" म्हणतात.

आधी उजेड बघायचा. आतल्या ट्यूबखाली शूट केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकत जातात. पहिल्या वर्षी फोनच बिघडलाय असं वाटलं होतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो, आणि फोनचा 30 फ्रेमचा हिशेब त्याच्याशी जुळत नाही. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की पट्टे जातात. सगळ्यांत सोपं म्हणजे दिवा बंद करून पडवीत बसायचं. तिथं दहा वाजेपर्यंत सरळ ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. चामड्याचा पोत त्याच उजेडात दिसतो.

सकाळी 9.00

चपला घडवणारे आमचे आबा कॅमेऱ्यासमोर बोलत नाहीत. सुरुवातीला मी त्यांना लिहून दिलं होतं : 'नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत...' तिसऱ्या शब्दाला अडकले, चौथ्याला उठून गेले. तेव्हापासून त्यांचे फक्त हात घेते.

आज करकरीच्या जोडावर काम आहे. चामडं रात्री भिजवून मऊ केलेलं. रापीनं तळ कापला, थरावर थर बसवला, हातोड्यानं ठोकला, आरीनं भोकं पाडून वादीनं शिवला. कुठंही खिळा नाही. फोन तिपाईवर गुडघ्याइतक्या उंचीवर उभा लावलाय, कारण गिऱ्हाईक दुकानात उकिडवं बसून चप्पल बघतं तेव्हा त्याचे डोळे तिथंच असतात. ही उंची सापडायला मला वर्ष लागलं. आधी मी सगळं डोक्यावरून घ्यायची. छान दिसायचं, पण तळाची जाडी कळायची नाही. आणि गिऱ्हाईक तीच बघतं.

आवाजासाठी वेगळी तयारी. पंखा बंद, शेजारच्यांचा मिक्सर संपेपर्यंत थांबायचं, कॉलरचा माइक काढून चपलेपासून वीतभर अंतरावर ठेवायचा. आधीच तयार असलेला दुसरा जोड आबांनी घातला आणि फरशीवर आठ पावलं चालले. पहिल्या वेळी रिक्षा गेली. दुसऱ्या वेळी मामी शिंकल्या. तिसऱ्यांदा जमलं.

सकाळी 11.30

दुकान. अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेली गर्दी हळूहळू लाइनीत शिरते. आमचा धंदा या गर्दीवरच चालायचा. 2020च्या मार्चमध्ये मंदिर बंद झालं आणि लाइन ओस पडली. जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, जुलैत भारतात रील्स सुरू झाले. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, घरी बसून. पहिला व्हिडिओ केला तो धंद्यासाठी नव्हता, कंटाळा आला होता म्हणून. तो बघून साताऱ्याच्या एका बाईंनी दोन जोड मागितले. आबांनी पैसे आलेत का, हे तीनदा विचारलं.

व्हिडिओत काय सांगायचं, हे मी गल्ल्यामागं उभी राहून शिकते. आत्ताच नाशिकचं जोडपं आलंय. "खरी कोल्हापुरी कशावरून?" आबा भाषण देत नाहीत. चप्पल हातात घेतात, टाचेपासून पुढं वाकवतात, सोडतात. ती परत सरळ होते. उलटी करून शिवण दाखवतात. मग म्हणतात, "पहिले चार दिवस घट्ट वाटंल. मग पायासारखी होईल. पावसात घालू नका." एवढं झालं की गिऱ्हाईक ती पायात घालून बघतं.

2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार, अशा आठ जिल्ह्यांना. 2025च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या, तेव्हा लाइनीत महिनाभर कॅमेरेच कॅमेरे. 'खरी कशावरून' हा प्रश्न तेव्हापासून जास्त येतो. त्याला उत्तर म्हणून मी आबांचे तेच हात, तेच वाकवणं बावीस सेकंदांत घेऊन ठेवलंय. विचारलं की पाठवते.

दुपारी 1.30

डबा. भाकरी, वांगं, ठेचा. फोन पालथा.

दुपारी 2.15

गिऱ्हाईक पेंगतं तेव्हा मी कापाकापी करते. सकाळचं चित्रण अठरा मिनिटांचं, हवंय पाऊण मिनिट. आता तीन मिनिटांचंही रील टाकता येतं, पण तीन मिनिटं थांबणार कोण? सुरुवात दुकानाच्या पाटीनं करायची नाही. पहिल्या सेकंदालाच पाऊल आणि करकर. नाव, पत्ता, किंमत शेवटी.

गाणं नको. धंद्याच्या खात्यावर सिनेमाचं गाणं वापरायचं तर हक्क लागतात. म्हणून तिथं लोकप्रिय गाणी बहुतेक मिळतच नाहीत, इन्स्टाग्रामनं मोकळं ठेवलेलं संगीत तेवढं मिळतं. आधी याचं वाईट वाटायचं. आता हातोड्याचा ठोका आणि वादी ओढल्याचा आवाज तसाच ठेवते. खाली मराठीत अक्षरं टाकते, कारण बस-लोकलमध्ये लोक आवाज बंद करून बघतात. आजच्या व्हिडिओवर सुरुवातीलाच लिहिलं : 'आवाज चालू करा'.

रंगाला हात लावायचा नाही, हा नियम महाग पडून शिकले. मागं एकदा फिल्टर लावून चामडं सोनेरी केलं होतं. लोक खूश, ऑर्डरी आल्या, आणि मग सहा जोड परत आले. 'व्हिडिओत असा रंग नव्हता.' जाता-येताचा कुरिअरचा खर्च आमच्या माथी. आता शूटच्या आधी चपलेशेजारी पांढरा कागद ठेवते. कागद फोनवर पांढरा दिसला, तर चप्पलही खरी दिसते. शिवाय तेल आणि ऊन लागून रंग गडद होत जातो, तेही सांगते.

बोलण्याचा आवाज मात्र माझाच. मी व्हिडिओत 'दाखवतो', 'पाठवतो' म्हणते. पुण्याच्या एका ताईंनी विचारलं होतं, "मुलगी असून दाखवतो का म्हणता?" आमच्याकडं बायका असंच बोलतात. मी बदलून बघितलं, तर जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, दुकान विकलं काय?

दुपारी 4.30

व्हिडिओ टाकला. तोच इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. स्टेटस बघणारे थोडे, पण त्यांच्याकडं आमचा नंबर आहे. खरेदी तिथूनच जास्त होते.

सकाळच्या त्या दोघींना मापाचा व्हिडिओ पाठवला : कागदावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती फिरवा, शेजारी पट्टी ठेवा, फोटो काढा. त्यात ना सजावट ना गंमत. बघणारे दोन हजारसुद्धा नाहीत. उलट नऊवारी नेसून लाइनीतून ठसक्यात चालले होते, तो व्हिडिओ दोन लाखांवर गेला. त्यातून तीन जोड विकले गेले आणि लग्नाची दोन स्थळं आली. मापाच्या व्हिडिओनं जोड परत येणं जवळजवळ थांबवलं. आबांना आकडे कळत नाहीत, पण कुठला व्हिडिओ चांगला हे ते बरोबर सांगतात. परत आलेल्या पिशव्या मोजतात.

संध्याकाळी 7.00

गर्दी. फोन बघायला सवड नाही. एक मुलगा रील दाखवून म्हणतो, "हीच द्या." तो जोड विकला गेलाय. आबा माझ्याकडं बघतात. संपलेल्या मालाच्या व्हिडिओखाली 'संपला' लिहायचं राहिलं, की अशी फजिती होते.

रात्री 8.45

शटर अर्धं खाली. आज चार पार्सलं. प्रत्येकाचं बांधणं मी एका सलग व्हिडिओत घेते : दोन्ही पायांचे तळ, मापाचा आकडा, पत्त्याची चिठ्ठी, चिकटपट्टी. हा कुठंच टाकायचा नाही. वाद झाला तर कामाला येतो. गिऱ्हाइकालाही सांगते, उघडताना व्हिडिओ घ्या.

रात्री 10.15

इंदूरच्या काकांचं उत्तर आलंय, बोलून पाठवलेलं. ते म्हणतात, "ऐकलं. दोनदा ऐकलं. छान आहे. पण वडिलांची जरा जाड वाजायची. ही बारीक वाजते."

मी आबांना ऐकवलं. वाटलं, चिडतील. त्यांनी परत लाव म्हणून सांगितलं. मग व्हिडिओ लावायला लावला, फोन कानाशी धरला.

"बरोबर बोलतोय त्यो माणूस," आबा म्हणाले. "तवाचा तळ जाड असायचा. उद्या एक थर वाढवून बघतो. सकाळी माइक घेऊन ये."