जुना मोबाइल विका. फोडू नका, जाळू नका

"बंद मोबाइल, फुटका मोबाइल, खराब मोबाइल द्या, टब घ्या!" भोंग्यावरची ही हाक आता आपल्या वस्त्यांमध्ये नेहमीची झाली आहे. कपाटात, डब्यात, फळीवर एखादा तरी मोबाइल पडलेला नाही असं घर सापडणं कठीण. आरोग्याच्या कामासाठी आम्ही घरोघरी जातो तेव्हा बायका विचारतात, "ताई, ह्याचं करायचं काय?" आमचं सांगणं एवढंच आहे : विका, पण अख्खा विका. मोबाइल फोडला की त्याचा भाव जातो आणि त्यातलं विष घरात राहतं.

आत सोनं असतं, पण किती?

मोबाइलमध्ये सोनं असतं ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशोबानुसार दहा लाख मोबाइलमधून साधारण ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी आणि १६ टन तांबं मिळतं. म्हणजे एका मोबाइलमध्ये ग्रॅमच्या तिसाव्या भागाइतकंच सोनं आलं. ते काढायला मोठा कारखाना, धूर अडवणारी यंत्रं आणि शिकलेली माणसं लागतात. घरामागे बादलीत ॲसिड ओतून प्लेट बुडवणाऱ्याच्या वाट्याला भाजलेले हात आणि फुप्फुसं जाळणारी वाफच जास्त येते.

धूर कुणाच्या घरात जातो?

चार्जरच्या, इअरफोनच्या वायरी जाळून तांबं काढतात. वायरीवरचं प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. जुन्या मोबाइलच्या प्लेटवर जोडकामासाठी शिसं वापरलेलं असतं. प्लेट तापवली की शिशाचा धूर आणि बारीक धूळ हाताला, कपड्यांना, भांड्यांना लागते.

लहान मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या मानाने मुलांच्या शरीरात चार ते पाच पट जास्त शोषलं जातं. रक्त कमी होतं, पोट दुखतं, बद्धकोष्ठ होतं, मूल चिडचिडं होतं. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो, पण त्यामागे शिसंही असू शकतं. आईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. रक्तातलं शिसं अमुक इतकं असलं तर धोका नाही, अशी कोणतीही पातळी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात १ कोटी २९ लाख स्त्रिया असंघटित कचरा-व्यवसायात आहेत. त्यांतल्या अनेकींचा संबंध ई-कचऱ्याच्या विषाशी येऊ शकतो. आपल्याकडे कचरा वेचणं, भंगार गोळा करणं हे काम कोणत्या समाजांच्या माथी मारलं गेलं, हे या पानाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

घरात हे काम चालत असेल तर

- मुलं आणि गरोदर बाई यांना या कामापासून लांब ठेवा.
- जेवण्याआधी, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा. कामाचे कपडे वेगळे धुवा.
- जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- नाचणी, पालेभाज्या, डाळी, जमेल तेव्हा अंडी आणि दूध जेवणात असू द्या. लोह आणि कॅल्शियम कमी असलं तर शरीर शिसं जास्त शोषतं.
- दवाखान्यात गेल्यावर "आम्ही भंगाराचं काम करतो" हे डॉक्टरांना आधी सांगा. नेहमीच्या रक्ततपासणीत शिसं कळत नाही, त्याची तपासणी वेगळी असते.

फुगलेली बॅटरी

फुगलेली बॅटरी चार्ज करू नका. टोचू, दाबू, ठोकू नका. ती पेट घेते. कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी. घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर टाकू नका. गाडीत दाब बसला तर तिथे आग लागते आणि भाजतो तो आपलाच सफाई कामगार.

विकण्याआधी

१. फोटो, नंबर उतरवून घ्या. पैसे पाठवायची ॲप आणि गूगल खातं बंद करा, मग मोबाइल पूर्ण कोरा करा. खातं तसंच राहिलं तर मोबाइल अडकतो आणि भाव पडतो.

२. सिम आणि मेमरी कार्ड काढा.

३. *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ आकडी नंबर वहीत लिहून ठेवा. विकल्याची चिठ्ठी घ्या, घेणाऱ्याचं नाव आणि नंबर टिपून ठेवा.

४. चालू मोबाइलचा भाव तीन ठिकाणी विचारा. नवा घेणार असाल तर दुकानदाराला बदलीचा भावही विचारा. चालू मोबाइल टबावर देऊ नका.

५. स्वतः जुना मोबाइल घेत असाल तर इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवा. मोबाइल चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

बंद मोबाइल एकत्र विका

एका बंद मोबाइलला भाव नसतो, शंभरांना असतो. विहारात महिला मंडळाने महिन्यातला एक रविवार ठरवावा. कुणाचे किती मोबाइल आले ते वहीत लिहावं आणि सगळे मिळून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या कारखान्यालाच द्यावेत. नोंदणीकृत कारखान्यांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजात जाणारी आपली मुलं ती काढून देतील. अडलं तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकलाच आहे.

१ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांनुसार मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. कंपनीच्या नफ्याचा कचरा आपल्या मुलांच्या फुप्फुसांनी जिरवायचा, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली, महापालिकेशी करार झाला. आज त्या घरोघरचा ई-कचराही गोळा करतात. भंगाराचं काम सोडता येत नसेल, तर ते ओळखपत्रासह, हातमोज्यांसह, मोजलेल्या भावाने आणि धुराविना करता येतं. ते एकट्याने होत नाही, संघटनेने होतं. पुढच्या रविवारी वंदना झाली की विहारात हा विषय काढा.